टेम्पोवरची ओळ

आनंदीबाई आगाशे यांच्या स्वयंपाकघरात फुटू शकतील अशा एकशे सत्त्याऐंशी वस्तू होत्या. कप तेवीस, बशा एकोणीस, काचेचे ग्लास एकतीस, डिनर सेटच्या प्लेट आणि वाट्या मिळून बावन्न, काचेच्या बरण्या शेहेचाळीस, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या अकरा, तेलाच्या बाटल्या चार. हे झाले एकशे शहाऐंशी. काचेचं एक माप कणकेच्या डब्यात होतं, ते मला दुसऱ्या मोजणीत सापडलं.

"आणि मी?" आनंदीबाईंनी विचारलं. त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि कोथरूडचं घर सोडून हिंजवडीजवळ लेकीकडे राहायला चालल्या होत्या. "मला धरलंत का फुटण्याजोग्यात?"

"माणसं धरायची नाहीत असं ठरलंय, आजी."

"बरं झालं. नाहीतर लेकीने माझ्यावर पण बाण काढला असता, ही बाजू वर म्हणून."

ओट्याशी बसून कप गुंडाळणाऱ्या कौशल्याकाकू हसल्या. त्या 'तापकीर पॅकर्स अँड मूव्हर्स'च्या मालकीणबाई. स्वयंपाकघर भरायचं काम पहिल्यापासून त्यांचं. बाकी घर रंगनाथ आणि त्याच्या हाताखालची तिघं भरत. हिंदुरावकाका, म्हणजे मालक, टेम्पो चालवत आणि खालून वर फोन करून सगळ्यांना घाई करत.

मी तिथे मोजायला होते. त्यामागचं कारण सांगायला हवं.

काकांचे तीन टेम्पो आहेत. तिन्हींच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरांत एक ओळ रंगवलेली होती : 'अठ्ठावीस वर्षांत एकही कप फुटला नाही.' आकडा दर पाडव्याला एकाने वाढायचा. यंदा घरसामान हलवणाऱ्यांच्या संघटनेने जाहिरातींसाठी नियमावली काढली. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो आपली गाडी म्हणून छापायचा नाही. नोंदणी असलेलं नाव आणि खरा पत्ता द्यायचा. आणि सहावा नियम : 'एकही', 'नेहमी', 'सर्वांत' असे शब्द किंवा कुठलाही आकडा वापरला, तर त्याला तपासता येईल असा पुरावा हवा. मालकाचा शब्द हा पुरावा नाही. नियमावली येऊन महिना होतो न होतो, तोच कुणीतरी काकांच्या ओळीबद्दल तक्रार केली. उत्तर द्यायला संघटनेने सहा आठवडे दिले.

मी त्या वेळी एम.एस्सी. संख्याशास्त्र संपवून पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट बघत होते. काकांचा मुलगा इंद्रजीत माझ्या मैत्रिणीच्या कंपनीत होता. त्याने मला बावधनला त्यांच्या गोडाऊनमध्ये नेलं.

काका नियमावलीवर रागावलेले नव्हते. उलट खूश होते. पत्रकावरचा बर्फाच्या डोंगरातला कंटेनर त्यांनी स्वतः काढून टाकला आणि तिथे स्वतःचे तीन टेम्पो छापले, मागे दिसणारी गोडाऊनशेजारची म्हैस तशीच ठेवून. 'चोवीस तास सेवा' हेही खोडलं, कारण काकू म्हणाल्या, "नऊला घोरताय तुमी. कसले चोवीस?"

"पण ही ओळ ऱ्हाणार," काकांनी मला सांगितलं. "ही खरी हाय. तुज्या शास्त्रानं ती खरी करून दे."

"शास्त्राने खरी करता येत नाही, काका. खरी आहे का ते बघता येतं."

"मग बघ की! आन् पुसायची पाळी आली ना, तर गाड्याच इकून टाकीन. ह्या ओळीवर जगलोय मी."

पुरावा म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. तापकिरांच्या कामाची एक पद्धत आहे. नव्या घरात सगळ्यात आधी कपांचा खोका उघडायचा. काकूंनी त्या कपांत चहा करायचा, आणि घरच्यांनी, कामगारांनी, मालकांनी तो एकत्र प्यायचा. मग बाकीचे खोके. काका म्हणत, "अठ्ठावीस वर्षं रोज ज्याच्या त्याच्या कपात चहा पितोय. धड हाईत म्हनून तर पितोय!"

हे ऐकायला मला छान वाटलं होतं. दोन दिवसांनी लक्षात आलं, की चहा नेहमी धड कपातूनच येतो.

गोडाऊनमधल्या वह्यांत गेल्या बारा वर्षांतल्या घरांचे पत्ते आणि फोन होते, तेराशे चाळीस. त्यांतली दोनशे चाळीस घरं मी चिठ्ठ्या टाकून निवडली. फोन लागले दोनशे बारा. प्रश्न साधा होता : सामान हलवताना काही फुटलं होतं का?

दोनशे बारा जण म्हणाले, नाही.

काकांनी पेढे आणले. मी एक खाल्ला, पण मनातून अस्वस्थ होते. प्रयोगशाळेत काटा सतत शून्यावर असेल तर आधी यंत्र चालू आहे का ते बघायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. बारा वर्षं, चार मजले, खड्डे, पाऊस, आणि दोनशे बारापैकी शून्य. शिवाय उत्तरं फार लवकर येत होती. दहा वर्षांपूर्वीचं आठवायला माणसाला दोन-तीन सेकंद लागतात. ही माणसं माझा प्रश्न संपायच्या आत 'नाही, नाही' म्हणत होती.

म्हणून मी त्यांतल्याच एकाला परत फोन लावला. दत्तप्रसाद नेने, निवृत्त शिक्षक, राहणार मयूर कॉलनी.

"पुन्हा तुम्हीच?" ते म्हणाले. "काय शिकलाय म्हणालात आपण?"

"संख्याशास्त्र."

"आणि अठ्ठावीस वर्षांत एकही कप फुटला नाही, हे वाचून तुम्हाला हसू आलं नाही?"

"आलं. म्हणूनच परत फोन केला."

मग ते म्हणाले, "हे बघा. मालकांना सांगणार नाही, असा शब्द मी त्या बाईंना दिलाय. तुम्ही मालक आहात का?"

"नाही."

"मग शब्द मोडत नाही. निळ्या कडेची बशी. फुटली. बाईंनी तेव्हाच दाखवली, लपवली नाही हो. चौथ्या दिवशी दुपारी दारात हजर, वर्तमानपत्रात गुंडाळून दुसरी बशी. कड जराशी गडद आहे, एवढंच. मी म्हटलं, कशाला एवढा त्रास? तर म्हणाल्या, सर, फक्त आमच्या ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, एका पोराची नोकरी आहे."

मी प्रश्न बदलला. दोनशे बारा घरांना पुन्हा फोन केले आणि काही फुटलं का हे विचारलंच नाही. विचारलं : काम झाल्यावर तापकिरांकडून पुन्हा कुणी घरी आलं होतं का?

सदतीस घरांनी 'हो' म्हटलं. आता बोलायला लोकांना वेळ लागत होता, आणि बोलायला लागले की थांबत नव्हते. कर्वेनगरच्या एका बाईंनी सांगितलं, काकूंनी आणलेला पेला जुन्यापेक्षा चांगला निघाला. खडकवासल्याच्या एका निवृत्त सुभेदारांकडे काकू मुलासाठी बोरंही घेऊन गेल्या होत्या. तो मुलगा आता कॉलेजात आहे. प्रत्येकाने शेवटी तेच सांगितलं, मालकांना कळवू नका.

सदतीसपैकी सव्वीस घरांत 'बाई आल्या होत्या'. उरलेल्या अकरांत 'तो उंच माणूस आला होता, विदर्भाकडचा'. म्हणजे रंगनाथ. ही अकराच्या अकरा घरं गेल्या चौदा महिन्यांतली होती.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. उत्तर द्यायला तीन दिवस उरले होते, आणि त्याआधी एक घर मला माझ्या डोळ्यांनी मोजायचं होतं. म्हणून ऑगस्टमधल्या त्या बुधवारी सकाळी मी आनंदीबाईंच्या ओट्याशी, कौशल्याकाकूंच्या शेजारी बसले होते.

आनंदीबाई देवघराकडे गेल्यावर मी हळूच म्हणाले, "काकू, नेने सरांशी बोलणं झालं माझं."

काकूंचा हात थांबला नाही. कपाच्या पोटात कागदाचा बोळा, मग कानाभोवती एक पट्टी, मग सगळ्या कपाला दोन वेढे. "कसे हाईत सर?"

"बरे आहेत. बशीची कड जरा गडद आहे म्हणाले."

"ती तशीच मिळाली बोहरी आळीत. चार दुकानं फिरले." त्यांनी गुंडाळलेला कप खोक्यात ठेवला. "अजून कुनाशी बोललीस?"

"सगळ्यांशी. सदतीस घरं."

"तुज्या यादीतली सदतीस," त्या म्हणाल्या. "यादीभायेरची बी असत्याल की."

"हो. हिशोबाने दोनशे तीस-पस्तीस होतात."

त्यांनी मान डोलावली, जणू त्यांचाही अंदाज तेवढाच होता. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. सीताराम हा काकांचा सख्खा मामेभाऊ. सोळा वर्षांपूर्वी त्याच्या हातून एका डॉक्टरांच्या शोकेसची काच गेली. काकांनी त्याला भर दुपारी चांदणी चौकात टेम्पोतून उतरवलं. "ज्याच्या हातनं फुटंल तो घरी," असं सगळ्यांसमोर म्हणाले, आणि तोच कंपनीचा नियम झाला. सीताराम तेव्हा गेला तो गेलाच. काकांच्या आईच्या दहाव्यालाही आला नाही.

"तवा मी पोरांना सांगितलं, फुटलं तर मला आधी सांगायचं. घरच्या मानसांना मी सांगीन, बदली वस्तू मी आनीन. फुटक्याचा एक तुकडा पिशवीत ठेवायचा, दुकानात जुळवून बघायला. मला वाटलं एक-दोनदा करावं लागंल." त्यांनी पुढचा कप घेतला. "मग ह्यांनी ती ओळ रंगवली, डॉक्टरांची काच काय कप न्हवं म्हनून. पेढे वाटले, राधा. कसं सांगनार?"

"आणि गेलं वर्षभर रंगनाथ का जातो?"

काकूंनी कागदाची पुढची पट्टी फाडली. "लिवायचं ते लिव," एवढंच म्हणाल्या. "तुजं काम हाय. पन रंगनाथचं नाव नगो."

बाहेर पॅसेजमध्ये रंगनाथ कपाटाची दारं दोरीने बांधत होता. तो पुसदचा, मी यवतमाळची, त्यामुळे त्याचं माझ्याशी जरा जास्त बोलणं व्हायचं. त्यालाही मी विचारलं. तो दोरीची गाठ बघत म्हणाला, "काहून विचारता जी? सोळा वर्षं त्या आमच्यासाठी गेल्या. आता आमी जातो."

हे उत्तर पुरेसं होतं, पण त्याचा अर्थ मला दुपारी कळला.

लेकीचं घर अकराव्या मजल्यावर होतं. सामानाची लिफ्ट बारा ते दोन मिळणार होती, आणि कंपन्यांच्या बसच्या गर्दीत आमचे दोन टेम्पो बारा पस्तीसला पोचले. गेटवरच्या रखवालदाराने वहीत गाडीचा नंबर लिहिताना ओळ मोठ्याने वाचली आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "खरं हाय. वर येऊन चहा पी."

लेक आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. आनंदीबाई दिवाणखान्यात एका खोक्यावर बसल्या, मांडीवर देवांची परडी. देव त्यांनी टेम्पोत ठेवू दिले नव्हते, रिक्षातही मांडीवरच आणले होते. स्वयंपाकघरात काकू, रंगनाथ आणि मी. काकूंनी कपांचा खोका उघडला आणि मी मोजायला लागले. सात, आठ, नऊ.

अकरावा कप फिकट हिरवा होता. काकूंनी कागद सोडवला, कप डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने त्याच्या पोटातला बोळा काढला. कप त्यांच्या बोटांतून निसटला. धक्का लागला नाही, घाई नव्हती. बोटं मिटलेलीच होती आणि कप त्यांच्यातून खाली गेला, जणू तो हातात आहे हे बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आवाज विरायच्या आत रंगनाथ खाली बसला होता. रुमाल पसरून त्याने तुकडे गोळा केले, काकूंनी डाव्या हाताने उचललेला एक तुकडाही काढून घेतला, कडेचा एक मोठा तुकडा निवडून शर्टाच्या खिशात टाकला, फरशीवरून ओलं फडकं फिरवलं. या सगळ्याला पंधरा सेकंदही लागले नसतील. हे त्याने आधी पुष्कळदा केलेलं होतं.

"किती भरले, किती उतरले, पोरी?" काका दारात उभे होते. हातात शेगडीची नळी. चेहरा आनंदाने फुललेला. "लिव आता झोकात, येकशे सत्त्याऐंशी भरले आन् येकशे सत्त्याऐंशी उतरले!"

बाकीचे खोके अजून उघडायचेच होते. मला तेवढं सांगून वेळ काढता आला असता. मी म्हणाले, "जास्तीत जास्त एकशे शहाऐंशी."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग फरशीवरच्या ओल्या पट्ट्याकडे.

"माझ्या हातून गेला, मालक," रंगनाथ म्हणाला. तो गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढायला लागला.

"ठेव ते गळ्यात," काकू म्हणाल्या. "अहो, माझ्या हातनं पडला."

काका हसले. "ह्याला वाचवायला तू आता—"

"माझ्या हातनं पडला म्हनते ना." काकूंनी डावा हात पुढे केला. "अंगठा आन् ही दोन बोटं. काय कळंनाच झालंय ह्यांना. धरलंय का सोडलंय, गरम हाय का गार. गेल्या वरसाच्या वटपुनवेपासनं. वडाला दोरा गुंडाळताना सुटत होता हातातनं, बायका हसल्या मला. आन् हा काय पयला न्हवं. राधाला इचारा. तिच्याकडं समदं लिवलेलं हाय. आदी पोरांचं, मग माजं. नियम तुमचाच हाय. ज्याच्या हातनं फुटंल तो घरी. मग जाते मी घरी."

दिवाणखान्यातून आनंदीबाईंचा आवाज आला, "अहो, कप माझा होता. मला कुणी विचारणार आहे का?" मग परडी सांभाळत त्या दारापर्यंत आल्या. "तेवीस होते. माझ्याकडे येतात दोन माणसं, तीही चहा नको म्हणतात. बाई, तुम्ही बसा आधी. ब्लाउजवर रक्त आहे तुमच्या, बोट कापलंय."

काकूंनी बोटाकडे बघितलं. त्यांना ते कळलंच नव्हतं.

काका वळले आणि निघून गेले. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

आनंदीबाईंनी देवांच्या परडीतली हळद काढली आणि बोटावर दाबली. रंगनाथने शेगडी जोडली. चहा मग आनंदीबाईंनीच केला, काकूंना उठू दिलं नाही. सहा कप भरले आणि एक माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "जा, खाली बसलेत त्यांना दे. आणि सांग, कप माझा आहे, परत पाहिजे."

काका टेम्पोत चालकाच्या जागेवर बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. मी दुसऱ्या बाजूने चढून बसले आणि कप पुढच्या फळीवर ठेवला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे बारापैकी सदतीस घरांत. त्यातली अकरा या चौदा महिन्यांतली."

"समद्या घरांना ठाव हाय?"

"ज्यांचं फुटलं त्यांना."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई."

"काकूंनी शब्द घेतला होता. सगळ्यांनी पाळला."

समोरून एक बस वळून गेली. काकांनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली. "सीतारामनं येक फोडली हुती," ते म्हणाले. "येक काच. खड्डा लागला हुता, म्याच घातली हुती गाडी खड्ड्यात. तो काय बोल्ला न्हाई तवा." त्यांनी चहा उचलला, पण प्यायले नाहीत. "तुज्या शास्त्रात ह्याला काय म्हनत्यात? समदे शून्य सांगत्यात आन् शून्य नसतं ते?"

"मोजणारा मध्ये आला, असं म्हणतात. फुटलं तर काय होईल हे आधीच माहीत असलं, की लोक फुटलेलं सांगत नाहीत."

"म्हंजी मी मधी आलो."

मी मान डोलावली.

"चौदा म्हैने," ते म्हणाले. "रोज तिच्या हातचं जेवतोय मी. भाकरी जाड व्हायला लागली, तर मी म्हनालो, वय झालं तुजं." मग त्यांनी तो चहा एका दमात संपवला, कप पुसला, आणि लिफ्टपर्यंत दोन्ही हातांत धरून नेला.

वर काकू खुर्चीत बसल्या होत्या. बसूनच रंगनाथला, बरण्या कुठल्या फळीवर, ते सांगत होत्या. काका त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. डावा हात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि एकेक बोट दाबत विचारायला लागले.

"हे कळतंय?"

"न्हाई."

"हे?"

"उल्लीसं."

"हे?"

"हे कळतंय. हळू दाबा."

"समदी मानसं बघत्यात," काकू मग म्हणाल्या.

"बघू द्यात. लिवतीया ती बी, लिवू दे." त्यांनी हात सोडला नाही. "रंगनाथ, खिशातला तुकडा दे हिकडं. बोहरी आळीत मी जानार हाय."

बाकीचे खोके साडेतीनला उघडून झाले. एकशे शहाऐंशी.

संघटनेला उत्तर मी शुक्रवारी लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं, की सहाव्या नियमाप्रमाणे आम्ही दावा तपासला, तो खरा नाही. दोनशे बारा घरांच्या पाहणीत सदतीस घरांत काही ना काही फुटल्याचं आढळलं, सर्व ठिकाणी बदली वस्तू दिली गेली, आणि दावा आम्ही मागे घेत आहोत. कुणाचं नाव लिहिलं नाही. "घरांनी शब्द पाळला, हे बी लिव," काका म्हणाले. मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले.

शनिवारी पेंटर आला. तिन्ही टेम्पोंच्या दोन्ही बाजूंना, जिथे ओळ होती, तिथे निळी पट्टी झाली. गाड्या विकायचं काकांनी पुन्हा काढलं नाही. पट्टीवर काय लिहायचं, असं पेंटरने विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तीन महिने मोजू, मग जे येईल ते लिहिता येईल. मोकळी निळी पट्टी घेऊन गाड्या फिरायला लागल्या. दोन सोसायट्यांनी विचारलं, गाड्या नवीन घेतल्यात का.

गोडाऊनच्या भिंतीवर काकांनी एक फळा लावला. त्यावर खडूने स्वतः लिहिलं : 'फुटलं तर लिवा. कुनी घरी जानार न्हाई.' इंद्रजीत म्हणाला, बाबा, शुद्ध तरी लिहा. काका म्हणाले, ज्यांना लिवलंय त्यांना कळलं.

पहिले नऊ दिवस फळा कोरा होता. नुकत्याच हललेल्या घरांना माझे फोन वेगळे चालू होते, आणि त्या नऊ दिवसांत दोन घरांनी मला फुटल्याचं सांगितलं होतं. मी हे काकांना सांगितलं, कुठली घरं ते नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सगळ्यांसमोर गोडाऊनमधला स्वतःचा चहाचा कप घेतला, फरशीवर टाकला, आणि फळ्यावर लिहिलं : 'हिंदुराव, १ कप.' रंगनाथ म्हणाला, "मालक, हा मोजायचा का जी? हा तर मुद्दाम फोडला." माझं मत होतं, मोजायचा नाही. पण दुपारपर्यंत त्याखाली दोन नावं आली होती.

काकूंना डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात नस दबली आहे. रात्री पट्टा बांधून झोपायचं, दोन महिने ओझं उचलायचं नाही, मग बघू. त्या दोन महिन्यांत त्या प्रत्येक घरी खुर्चीवर बसून होत्या. कागदाचे बोळे काका करायचे. त्यांचे बोळे फार मोठे व्हायचे. "अहो, कप हाय तो, उशी न्हवं," हे एका घरात नऊ वेळा ऐकू आलं, मी मोजलं. पट्टा बांधायचं कामही काकांनी घेतलं होतं. सकाळी काकूंच्या मनगटावर त्याचे वळ दिसायचे, कारण ते फार घट्ट बांधायचे.

सीतारामला काकांनी तीनदा फोन केला. त्याने उचलला नाही. चौथ्यांदा काकूंनी केला, तेव्हा त्याच्या मुलीने उचलला आणि बाबा शेतात आहेत म्हणाली. काका आता दर सोमवारी फोन करतात.

मोजणी सप्टेंबरच्या एक तारखेला सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या तीस तारखेला संपली. पितृपक्षात पुण्यात सहसा कुणी घर बदलत नाही, त्या पंधरा दिवसांत दोनच कामं झाली, दोन्ही भाडेकरार संपलेल्या आयटीतल्या मुलांची, आणि त्यांच्याकडे फुटण्याजोगं फारसं नव्हतं. दिवाळीआधी मात्र गर्दी झाली. प्रत्येक घरात निघताना आणि पोचल्यावर अशी दोनदा मोजणी केली. शिवाय प्रत्येक घराला आठ दिवसांनी फोन केला, आणि तो फोन कामगारांपैकी कुणी केला नाही. काकांनी मुद्दाम फोडलेला कप वगळला आहे.

घरं चोपन्न. फुटण्याजोग्या वस्तू नऊ हजार आठशे शेहेचाळीस. घरच्यांनी फुटल्या म्हणून सांगितलेल्या तेरा. कामगारांनी फळ्यावर लिहिलेल्या तेरा.